अभिजात ग्रंथ वाचायचा कसा: संहितेपासून दुसऱ्या वाचनापर्यंत

एखादा नावाजलेला ग्रंथ मोठ्या उमेदीने हाती घ्यावा आणि पन्नासेक पानांनंतर तो बाजूला पडावा, हा अनुभव बहुतेक वाचकांना येतो. बहुतेक जण त्याचा दोष स्वतःच्या बुद्धीला देतात. माझ्या मते हा दोष बहुधा वाचकाचा नसतो. हातात संक्षिप्त आवृत्ती असते, भाषांतर निर्जीव असते, चाळीस पानांच्या प्रस्तावनेने कथेतला जीव आधीच काढून घेतलेला असतो, किंवा वर्षभर हप्त्याहप्त्याने वाचकांसमोर आलेली कादंबरी आपण दोन दिवसांत संपवायला निघालेलो असतो. या सगळ्या निवडी वाचन सुरू होण्याआधीच्या आहेत आणि त्या नीट करता येतात. पुढील विवेचन त्यांच्याविषयी आहे. त्यातला माझा आग्रह एकाच क्रमाचा आहे: आधी संहिता, म्हणजे हातातल्या प्रतीतला नेमका मजकूर, पाहावी, मग ग्रंथ वाचावा आणि लेखकाचे चरित्र सर्वांत शेवटी उघडावे.

ग्रंथ निवडताना

‘मरण्यापूर्वी वाचायलाच हवेत’ अशा थाटाच्या याद्यांवरून सुरुवात करू नये, कारण यादी ग्रंथांची नावे देते, पण तो ग्रंथ आपल्याला कशासाठी हवा आहे हे ती सांगू शकत नाही. त्याऐवजी मनात आधीपासून असलेल्या एखाद्या प्रश्नाचा हात धरावा. गुन्हा केलेल्या माणसाच्या मनात काय चालते, आपण निर्माण केलेल्या गोष्टीची जबाबदारी कोठवर आपली असते, सत्ता मिळाल्यावर ती टिकते कशी, असा कोणताही प्रश्न चालेल. पहिला ग्रंथ शक्यतो लहान असावा. फ्रांझ काफ्का यांची ‘मेटामॉर्फोसिस’ ही दीर्घकथा, आल्बेर काम्यू यांची ‘द स्ट्रेंजर’ किंवा प्लेटोचा ‘अपॉलॉजी’ हा संवाद दोन-तीन बैठकांत पूर्ण वाचून होतो, आणि एक ग्रंथ पूर्ण वाचल्याचे बळ पुढच्या मोठ्या ग्रंथाला पुरते. टॉलस्टॉय यांची ‘वॉर अँड पीस’ अवघड असल्याचा समज मात्र सोडून द्यावा. ती लांब आहे, पण तिचे एकेक प्रकरण पाण्यासारखे वाहते.

हातातली संहिता नेमकी कोणती

ग्रंथाचे नाव आणि लेखकाचे नाव एवढ्यावरून ग्रंथ निश्चित होत नाही, ही गोष्ट मराठी वाचकाला कोणी वेगळी शिकवण्याची गरज नसावी. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये म्हणजे इ.स. १२९० मध्ये सिद्ध झाली आणि सुमारे तीन शतके ती प्रतींवरून प्रती होत पसरत गेली. त्या प्रवासात शिरलेले अपपाठ पाहून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, ती शुद्ध केली. यापुढे जो कोणी या ग्रंथात स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली असे समजावे, असा इशाराही त्यांनी देऊन ठेवला. संपादनाविषयी इतके नेमके आणि इतके कळकळीचे वाक्य मी अन्यत्र वाचलेले नाही. महाभारताच्या बाबतीत हेच काम भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने विसाव्या शतकात हाती घेतले. शेकडो हस्तलिखिते एकमेकांशी ताडून तयार झालेली चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. व्यासांनी सांगितले आणि गणेशाने लिहून घेतले ही सर्वांना ठाऊक असलेली कथा त्या आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही. ती परिशिष्टात गेली आहे.

छापखाना आल्यानंतर हा प्रश्न मिटला असे वाटेल, परंतु तो मिटलेला नाही. मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी १ जानेवारी १८१८ रोजी लंडनमध्ये लेखिकेच्या नावाविना, तीन खंडांत आणि अवघ्या ५०० प्रतींत प्रसिद्ध झाली. १८३१ मध्ये लेखिकेने ती स्वतः सुधारली आणि तिला नवी प्रस्तावना जोडली. एक प्राणी निर्माण करणारा व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हा तिचा नायक. पहिल्या आवृत्तीतली एलिझाबेथ ही व्हिक्टरची आतेबहीण आहे, तर १८३१ च्या आवृत्तीत ती व्हिक्टरच्या आईने घरी आणलेली अनाथ मुलगी आहे. त्याहून मोठा फरक कादंबरीच्या कण्यात आहे. पहिल्या आवृत्तीतला व्हिक्टर आपल्या निर्णयांनी नाशाकडे जातो, तर नंतरच्या आवृत्तीत दैवाचा हात अधिक जाणवत राहतो. निर्मात्याच्या जबाबदारीचा प्रश्न मनात धरून वाचणाऱ्याने १८१८ ची संहिता घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. बाजारात दोन्ही संहिता एकाच नावाने मिळतात, म्हणून प्रत उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

चार्ल्स डार्विन यांच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ची गोष्ट याहून ठळक आहे. २४ नोव्हेंबर १८५९ रोजी या ग्रंथाची १,२५० प्रतींची पहिली आवृत्ती निघाली आणि १८७२ पर्यंत डार्विन यांनी त्यात सतत बदल करत एकूण सहा आवृत्त्या काढल्या. ‘सर्वायव्हल ऑफ द फिटेस्ट’ (सर्वांत योग्य तो टिकतो) हा तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सर यांचा शब्दप्रयोग डार्विन यांच्या ग्रंथात १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत आला. सहाव्या आवृत्तीत टीकाकारांच्या आक्षेपांना उत्तर देणारे एक अख्खे प्रकरण वाढले. शेवटची आवृत्ती म्हणजे सर्वांत परिपूर्ण, हा नियम येथे चालत नाही. आक्षेपांना उत्तरे देता देता मूळ युक्तिवादाचा ओघ मंदावलेला आहे, म्हणून प्रथम वाचकाने १८५९ ची संहिता घ्यावी. तिच्या पहिल्याच प्रकरणात पाळीव कबुतरांविषयीचे बारीक निरीक्षण येते. पुष्कळ वाचक तेथेच कंटाळतात, पण पुढचा सगळा युक्तिवाद त्या कबुतरांच्या पंखांवर उभा असल्याने ती पाने सावकाश वाचावीत.

कधी संहितेतला दोष छपाईत घडलेला असतो. हर्मन मेल्विल यांची ‘मोबी-डिक’ १८५१ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये ‘द व्हेल’ या नावाने आधी निघाली. त्या आवृत्तीत शेवटचा उपसंहार छापलाच गेला नव्हता. जहाज बुडाल्यावर ही हकीकत सांगायला निवेदक जिवंत राहिला कसा, याचे उत्तर नेमके त्या उपसंहारात होते. ते न सापडल्याने समीक्षकांनी लेखकाला धारेवर धरले. कधी संहिता दुसऱ्याच्या हातून सिद्ध झालेली असते. काफ्का १९२४ मध्ये वारले, तेव्हा आपली हस्तलिखिते जाळून टाकावीत अशी त्यांची इच्छा होती. मित्र माक्स ब्रोड यांनी ती मानली नाही आणि १९२५ मध्ये ‘द ट्रायल’ प्रसिद्ध केली. तिची प्रकरणे सुटी सापडली होती आणि त्यांचा क्रम ब्रोड यांनी लावला. हे ठाऊक असलेला वाचक मधल्या प्रकरणांच्या क्रमावरून फार मोठे निष्कर्ष काढणार नाही. ‘अरेबियन नाइट्स’च्या बाबतीत तर अल्लाउद्दीन आणि अलीबाबा या सर्वांत प्रसिद्ध कथा जुन्या अरबी हस्तलिखितांत नव्हत्याच. अलेप्पोहून पॅरिसला आलेल्या हन्ना दियाब या कथेकऱ्याने त्या १७०९ मध्ये फ्रेंच भाषांतरकार आंत्वान गालां यांना तोंडी सांगितल्या आणि गालां यांच्या फ्रेंच खंडांतून त्या जगभर गेल्या.

हे सगळे तपासायला अभ्यासक असावे लागत नाही. प्रत हाती घेतल्यावर मुखपृष्ठामागची तीन-चार पाने निवांत पाहावीत. मुद्रणहक्काच्या पानावर ‘संक्षिप्त’, ‘रूपांतरित’ किंवा ‘कुमारांसाठी’ असा शब्द आहे का, संहिता कोणत्या वर्षाच्या आवृत्तीवर आधारली आहे, संपादकाचे नाव दिले आहे का, हे पाहावे. ‘संहितेविषयी’ किंवा ‘संपादकाचे निवेदन’ या मथळ्याचे एखादे पान सापडले तर ते आवर्जून वाचावे. ते सहसा रुक्ष असते, परंतु कथेचा शेवट त्यात फोडलेला नसतो. ज्या प्रतीवर यांपैकी काहीच सांगितलेले नाही ती प्रत, छपाई कितीही देखणी असली तरी, मी घेत नाही. ‘मोबी-डिक’ मी पहिल्यांदा अशाच एका प्रतीतून वाचली होती. देवमाशांविषयीची सगळी प्रकरणे त्या प्रतीतून गाळली आहेत हे मला वाचून झाल्यानंतर कितीतरी दिवसांनी कळले, आणि एका सागरी साहसकथेचा एवढा गवगवा का, या तोवर मनात राहिलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच दिवशी मिळाले.

भाषांतराची पारख

जगातले बहुतेक अभिजात साहित्य आपण भाषांतरातूनच वाचतो आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मात्र भाषांतर हेही एका लेखकाचे काम आहे हे लक्षात ठेवून ते निवडावे. एकाच ग्रंथाची दोन भाषांतरे उपलब्ध असतील तर दोन्हींतले तेच पान शेजारी ठेवून वाचणे ही सर्वांत खात्रीची कसोटी होय. मी त्यासाठी ग्रंथाचे पहिले पान घेत नाही, कारण पहिल्या पानावर प्रत्येक भाषांतरकार जिवाचे रान करतो. मधले एखादे संभाषण घ्यावे आणि ते मोठ्याने वाचावे. माणसे एकमेकांशी बोलत आहेत असे कानाला वाटले नाही, तर ते भाषांतर चारशे पाने सोबत करणार नाही.

मराठी भाषांतर हाती घेताना ते मूळ भाषेतून थेट झाले आहे की इंग्रजीच्या वाटेने, हे भाषांतरकाराच्या मनोगतात शोधावे. इंग्रजीच्या वाटेने आलेले भाषांतर टाकाऊ असते असे मुळीच नाही, पण मधल्या भाषांतरकाराच्या निवडी त्यात गुपचूप येऊन बसलेल्या असतात. काम्यू यांच्या ‘द स्ट्रेंजर’ या १९४२ च्या कादंबरीच्या पहिल्या वाक्यात आईसाठी ‘मामाँ’ हा फ्रेंच मुलांच्या तोंडचा शब्द आहे. स्टुअर्ट गिल्बर्ट यांनी १९४६ मध्ये त्याच्या जागी इंग्रजीतला औपचारिक ‘मदर’ घातला, आणि निवेदकाचा कोरडेपणा पहिल्या शब्दापासूनच गडद झाला. मॅथ्यू वॉर्ड यांनी १९८८ मध्ये मूळ ‘मामाँ’ तसाच ठेवला. मराठीत ‘आई’ हा शब्द लहान मूलही वापरते आणि साठीचा माणूसही, त्यामुळे इंग्रजी भाषांतरकारांना इतकी वर्षे छळणारी ही अडचण आपल्याकडे मुळात उभीच राहत नाही. मराठीला असा आणखी एक लाभ वाक्यरचनेत मिळतो. माणसाचा किडा झाल्याची गोष्ट सांगणाऱ्या काफ्का यांच्या ‘मेटामॉर्फोसिस’चे पहिले जर्मन वाक्य ज्या शब्दावर संपते त्याचा अर्थ ‘रूपांतर झालेला’ असा आहे. अंथरूण येते, भयंकर किडा येतो आणि सर्वांत शेवटी तो घाव पडतो. इंग्रजीत हा क्रम राखणे जड जाते, तर क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या मराठीला तो आपसूक साधतो. त्या किड्यासाठी काफ्का यांनी वापरलेला जर्मन शब्द कोणत्याही एका प्राण्याचे नाव नाही, उपद्रवी आणि नकोशा जिवांसाठीचा तो सर्वसाधारण शब्द आहे. १९१५ मध्ये पुस्तक छापले जात असताना मुखपृष्ठावर तो किडा काढू नये, अशी विनंती त्यांनी प्रकाशकाला केली होती. ज्या भाषांतरात तो ठामपणे झुरळ झालेला आहे, तेथे लेखकाने मुद्दाम उघडे ठेवलेले दार बंद झाले असे समजावे.

‘वॉर अँड पीस’मध्ये आणखी वेगळा पेच आहे. कादंबरी उघडते तीच रशियन उमरावांच्या फ्रेंच बोलण्याने. नेपोलियनशी युद्धाची भाषा करणारे हे लोक नेपोलियनच्याच भाषेत बोलतात, ही टॉलस्टॉय यांची योजना आहे. १८७३ च्या आवृत्तीत त्यांनी स्वतःच ते फ्रेंच काढून त्या जागी रशियन घातले होते, पण आजच्या बहुतेक रशियन आवृत्त्यांत ते परत आलेले आहे. ज्या भाषांतरात फ्रेंच मजकूर ठेवून तळटिपेत अर्थ दिला आहे, किंवा निदान ‘तो फ्रेंचमध्ये म्हणाला’ असे सांगितले आहे, ते निवडावे.

प्रस्तावना आणि लेखकाचे चरित्र

प्रस्तावना पुस्तकाच्या आरंभी छापलेली असली तरी ती शेवटी वाचावी. अभ्यासकाने लिहिलेली प्रस्तावना ग्रंथ आधीच वाचलेल्या माणसाशी बोलत असते. ती कोण मरतो, कोण कोणाशी लग्न करतो आणि त्या सगळ्याचा अर्थ काय लावावा हे सांगून मोकळी होते, आणि मग वाचक स्वतःच्या डोळ्यांऐवजी प्रस्तावनाकाराच्या डोळ्यांनी पाने उलटू लागतो. लेखकाने स्वतः लिहिलेल्या प्रस्तावनेबाबतही मी हीच सावधगिरी सुचवीन. १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराकाठी कवी बायरन यांच्या सूचनेवरून सर्वांनी एकेक भुताची गोष्ट लिहायचे ठरवले आणि त्यातून आपली कल्पना उगवली, ही मेरी शेली यांची सुंदर हकीकत १८३१ च्या प्रस्तावनेतली आहे, म्हणजे त्या प्रसंगाला पंधरा वर्षे उलटल्यावर लिहिलेली. ती आठवण म्हणून मोलाची आहे, परंतु अठराव्या वर्षी ती गोष्ट सुरू करणाऱ्या मुलीला नेमके काय म्हणायचे होते, ते कादंबरीतूनच आधी ऐकावे.

चरित्राचे आकर्षण मोठे असते, कारण अनेक लेखकांची आयुष्ये त्यांच्या कादंबऱ्यांइतकीच विलक्षण आहेत. दोस्तोयेव्हस्की यांना २२ डिसेंबर १८४९ रोजी गोळ्या घालून मारण्यासाठी मैदानात उभे केले गेले, आणि ऐन वेळी झारची माफी वाचून दाखवून त्यांची रवानगी सैबेरियातल्या ओम्स्कच्या तुरुंगात झाली. तेथे त्यांनी चार वर्षे सक्तमजुरी भोगली. ‘डॉन किहोते’ लिहिणाऱ्या सर्व्हान्तेस यांचा डावा हात १५७१ मधल्या लेपान्तोच्या आरमारी लढाईत निकामी झाला आणि त्यानंतर पाच वर्षे ते अल्जीयर्समध्ये कैदेत होते. ही माहिती आधीच डोक्यात असली की ‘क्राइम अँड पनिशमेंट’मधला प्रत्येक तुरुंग ओम्स्कचा आणि प्रत्येक भीती त्या मैदानातली वाटू लागते, आणि मग रास्कोल्निकोव या तरुणाला स्वतःचे मन असू शकते हेच आपण विसरतो. आधी त्या तरुणाला भेटावे. ग्रंथ संपल्यावर चरित्र वाचले तर ते खुलाशासारखे ग्रंथाच्या डोक्यावर बसत नाही, त्याच्या शेजारी येऊन बसते.

लेखकांभोवती जमलेल्या दंतकथांकडेही जरा सांभाळून पाहावे. ‘अंकल टॉम्स केबिन’ लिहिणाऱ्या हॅरिएट बीचर स्टो यांना भेटल्यावर लिंकन यांनी, या मोठ्या युद्धाला (अमेरिकेच्या यादवी युद्धाला) कारण ठरलेली चिमुकली बाई ती हीच का, अशा अर्थाचे उद्गार काढले असे सर्वत्र सांगितले जाते. त्याला समकालीन लेखी आधार नाही. १८५२ मध्ये पुस्तकरूपाने आल्यावर त्या कादंबरीच्या पहिल्या वर्षात अमेरिकेत सुमारे तीन लाख प्रती खपल्या. तिचा प्रभाव सांगायला एवढी वस्तुस्थिती पुरेशी आहे. काही लेखकांच्या बाबतीत चरित्र म्हणावे असे जवळजवळ काहीच हाती येत नाही. अकराव्या शतकाच्या आरंभी जपानच्या राजदरबारात ‘गेन्जी मोनोगातारी’ रचणाऱ्या लेखिकेला आपण मुरासाकी शिकिबू म्हणतो, पण हे तिचे खरे नाव नाही. मुरासाकी हे तिच्याच कथेतल्या एका स्त्रीचे नाव आणि शिकिबू हा पित्याच्या हुद्द्यावरून आलेला शब्द आहे. तरीही ५४ प्रकरणांचा तो ग्रंथ हजार वर्षे वाचला जात आहे.

वाचनाची चाल

प्रत्येक ग्रंथाला स्वतःची एक चाल असते आणि ती बहुतेक वेळा तो पहिल्यांदा लोकांपर्यंत कसा पोहोचला यावरून कळते. डिकन्स यांची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ या काळात साप्ताहिकातून आली. त्यामुळे तिची प्रकरणे आटोपशीर आहेत आणि दर दोन-तीन प्रकरणांनी उत्कंठेची गाठ पडते. अशी कादंबरी रोज दोन प्रकरणे वाचली तर खुलते आणि एका दमात वाचली तर त्याच त्या गाठी खटकू लागतात. दोस्तोयेव्हस्की यांची ‘क्राइम अँड पनिशमेंट’ही १८६६ मध्ये मासिकातून क्रमशःच आली, परंतु तिच्यात ताप चढल्यासारखी एक लय आहे आणि तो ताप उतरू देऊ नये. ती आठवड्याभरात वाचावी. ‘वॉर अँड पीस’मध्ये साडेतीनशेहून अधिक छोटी प्रकरणे आहेत, म्हणजे रोज एक वाचले तर सुमारे वर्षभर ती सोबत राहते. माणसे हळूहळू वयाने वाढत जाणारी ही कादंबरी वाचायची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

होमरचे ‘इलियड’ कानांसाठी रचलेले आहे. तीच विशेषणे आणि त्याच ओळी पुन्हा पुन्हा येतात, कारण मौखिक परंपरेत गायकाला आणि श्रोत्याला त्यांचा आधार लागतो. डोळ्यांनी वाचताना कंटाळवाणी वाटणारी ही पुनरुक्ती मोठ्याने वाचली की ध्रुवपदासारखी काम करू लागते. ओवी मुकाट्याने वाचणे आणि म्हणणे यांतला फरक ज्याला ठाऊक आहे त्याला हे लगेच पटेल. दुसऱ्या सर्गातली जहाजांची लांबलचक नामावळी मात्र पहिल्या वाचनात ओलांडून पुढे जायला हरकत नाही.

वगळण्याविषयी थोडे स्पष्ट बोलायला हवे. अभिजात ग्रंथातले अक्षरही सोडू नये हा हट्ट जितका घातक आहे, तितकेच कंटाळा आला की पाने उलटणेही घातक आहे. विचारग्रंथांत कधी लेखक स्वतःच वाट दाखवतो. ‘दास कापिटाल’चा पहिला खंड १८६७ मध्ये निघाल्यावर मार्क्स यांनी कुगेलमान या मित्राला पत्र लिहून, त्याच्या पत्नीने कामाचा दिवस, सहकार्य, श्रमविभागणी व यंत्रे आणि आदिम भांडवलसंचय यांवरची प्रकरणे आधी वाचावीत असे सुचवले होते. वस्तू आणि मूल्य यांच्या चर्चेने सुरू होणाऱ्या पहिल्या प्रकरणापाशीच थकणाऱ्या आजच्या वाचकानेही तोच सल्ला मानावा आणि नंतर आरंभाकडे वळावे. फ्रेंच निबंधकार माँतेन यांचे निबंध कोठूनही उघडता येतात. १५८०, १५८८ आणि मृत्यूनंतरची १५९५ ची आवृत्ती असे मजकुराचे थर अक्षरांनी दाखवणारी प्रत मिळाली, तर एकच माणूस स्वतःच्या जुन्या वाक्याशेजारी वीस वर्षे नवी वाक्ये कशी लिहीत गेला हे डोळ्यांना दिसते. ‘मोबी-डिक’मधली देवमाशांची प्रकरणे मात्र वगळू नयेत. मोजमापे, वर्गीकरण, हाडे, चरबी असे सगळे सांगूनही तो प्राणी हाती लागत नाही, ही जाणीव त्या प्रकरणांच्या थकव्यातूनच अंगात उतरते.

नावे, खुणा आणि वही

रशियन कादंबऱ्यांत नावांनी गोंधळ होतो, म्हणून त्यांची रीत एकदाच समजून घ्यावी. रोदिओन रोमानोविच रास्कोल्निकोव यात पहिले स्वतःचे नाव, मधले रोमानचा मुलगा या अर्थाचे आणि शेवटचे कुळाचे आहे. व्यक्तीचे, वडिलांचे आणि घराण्याचे नाव याच क्रमाने लिहिणाऱ्या मराठी माणसाला यात परके काहीच नाही. आदराने बोलताना पहिली दोन नावे घेतली जातात आणि आई त्याला लाडाने रोद्या म्हणते. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पात्रांची नावे त्यांच्या लाडक्या रूपांसह पेन्सिलीने लिहून ठेवली की पन्नास पानांत ती ओळखीची होतात.

टिपणे करताना पृष्ठक्रमांक लिहून फारसा उपयोग होत नाही, कारण प्रत बदलली की तो बदलतो. कादंबरीसाठी भाग आणि प्रकरण, महाकाव्यासाठी सर्ग आणि ओळ लिहावी. प्लेटोच्या संवादांच्या समासात छापलेले आकडे आणि अक्षरे १५७८ मध्ये मुद्रक आंरी एस्तिएन यांनी काढलेल्या आवृत्तीतली आहेत आणि जगातल्या कोणत्याही भाषेतल्या चांगल्या प्रतीत ती तीच असतात. अरिस्टॉटलसाठी १८३१ च्या बेकर यांच्या आवृत्तीचे आकडे तसेच वापरतात. ही खूण टिपली की मराठी, हिंदी आणि इंग्रजी प्रत एकाच ठिकाणी उघडता येते.

वहीत सुंदर वाक्ये उतरवण्यापेक्षा लेखकाला विचारायचे प्रश्न लिहावेत. फ्लॉरेन्सचे मुत्सद्दी मॅकियाव्हेली यांनी १० डिसेंबर १५१३ च्या पत्रात आपली संध्याकाळ वर्णिली आहे. पदावरून दूर झालेला हा माणूस दिवसभर शेतावर आणि गावातल्या लोकांत घालवून घरी येतो, चिखलाने माखलेले कपडे दाराशी उतरवतो, दरबारी वस्त्रे घालतो आणि प्राचीन लेखकांच्या सभेत शिरतो. तो त्यांना त्यांच्या कृत्यांची कारणे विचारतो, ते उत्तर देतात आणि चार तास त्याला कशाचीही भीती उरत नाही. त्या संभाषणातून जे हाती लागले ते टिपून आपण राज्यसत्तेवर एक छोटी पुस्तिका रचली आहे, असेही तो तेथेच सांगतो. ती पुस्तिका म्हणजे ‘द प्रिन्स’. लेखकाच्या मृत्यूनंतर ती १५३२ मध्ये छापली गेली.

दुसरे वाचन

ग्रंथ संपला की लगेच मिटून ठेवू नये. त्याच बैठकीत पहिले प्रकरण पुन्हा वाचावे. पहिल्या वेळी घाईने ओलांडलेली वाक्ये आता शेवट माहीत असलेल्या वाचकाशी बोलू लागतात, आणि लेखकाने कोठे काय पेरून ठेवले होते ते दिसते. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चा शेवट डिकन्स यांनी मित्र बुलवर-लिटन यांच्या सल्ल्यावरून छपाईपूर्वी बदलला होता. मूळ शेवट पुढे फॉर्स्टर यांनी आपण लिहिलेल्या डिकन्स यांच्या चरित्रात प्रसिद्ध केला आणि आता चांगल्या आवृत्त्यांच्या परिशिष्टात तो असतो. दोन्ही शेवट वाचून मग पहिल्या प्रकरणातल्या स्मशानाकडे परत जावे आणि तेथून सुरू झालेला रस्ता कोणत्या शेवटाकडे जातो ते स्वतः ठरवावे. मला मूळ शेवट अधिक खरा वाटतो.

‘डॉन किहोते’च्या दोन भागांत दहा वर्षांचे अंतर आहे, १६०५ आणि १६१५. त्या दरम्यान, १६१४ मध्ये, कोणा तिसऱ्यानेच आव्हेयानेदा या टोपणनावाने खोटा दुसरा भाग छापला. सर्व्हान्तेस यांनी त्याचे उत्तर कादंबरीतच दिले. त्यांच्या दुसऱ्या भागातल्या माणसांनी पहिला भाग वाचलेला आहे. नायकाचा सेवक सांचो याचे चोरीला गेलेले गाढव मध्येच परत कसे आले असा प्रश्न ते त्यालाच विचारतात, आणि खोट्या ग्रंथातला नायक सारागोसाला गेला म्हणून खरा डॉन किहोते ती वाट सोडून बार्सिलोनाला जातो. दोन भागांमध्ये थोडे महिने जाऊ द्यावेत म्हणजे पहिला भाग आपल्याही मनात आठवणीसारखा जुना होतो आणि त्याच्याविषयी वाद घालणाऱ्या त्या माणसांत आपल्याला बसता येते.

आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ संपल्यावर आरंभीची वॉल्टनची पत्रे पुन्हा उघडावीत. उत्तर ध्रुवाकडे निघालेला हा कप्तान आपल्या बहिणीला लिहितो की आपल्याला मित्र नाही. पहिल्या वाचनात ते वाक्य प्रवाशाच्या सहज तक्रारीसारखे डोळ्यांखालून जाते. दुसऱ्या वाचनात मात्र, संपूर्ण कादंबरीभर निर्मात्याकडे एका सोबतीची याचना करणारा आणि ज्याला साधे नावही मिळाले नाही असा तो प्राणी आपण ऐकलेला असतो.